टाकणे आणि घालणे

नाताळच्या दुसऱ्या दिवशी कोहमारा येथील एका परिचित कुटुंबात जेवणाचे निमंत्रण होते. थोरला मुलगा पुण्याहून आला होता, धाकटा रायपूरहून. घर माणसांनी भरले होतेच. यंदा त्यात दोन चतुष्पाद पाहुण्यांची भर पडली होती. थोरल्याचा लॅब्रॅडोर जातीचा ब्रूनो आणि धाकट्याची लहानखुरी, पांढऱ्या केसांची लिली. अंगणात निंबाच्या बुंध्याशी त्या घरचा म्हातारा गावठी कुत्रा मोती अंग चोरून बसला होता. माणसांची पाने मांडण्यापूर्वी या तिघांची सोय झाली. थोरल्याने बर्फाच्या पेटीतून कच्चे मटण, काळजाचे तुकडे आणि कोंबडीच्या माना काढल्या व वजन करून ब्रूनोपुढे ठेवल्या. धाकट्याने रंगीत पुडक्यातून मोजून तपकिरी गोळ्या लिलीच्या वाटीत ओतल्या. घरच्या आजींनी जर्मनच्या भगुन्यात भात घेतला, त्यावर मटणाचा रस्सा कालवला आणि भगुने मोतीपुढे नेऊन ठेवले.

मग दोघा भावांत वाद सुरू झाला. थोरला म्हणाला, कुत्रा हा मुळात मांसभक्षक. निसर्गाने त्याला जे दिले तेच त्याला द्यावे. कारखान्यात भाजलेल्या गोळ्या म्हणजे त्याच्या पोटावर केलेला अन्याय. धाकटा म्हणाला, शास्त्रज्ञांनी मोजूनमापून केलेले अन्न सोडून खाटकाच्या फळीवरचे कच्चे मांस घरात आणणे हा अडाणीपणा. दोघेही शिकलेले, दोघांचेही आपापल्या प्राण्यावर मनापासून प्रेम. वाद रंगला असता आजी मध्येच म्हणाल्या, ‘‘फादर, रोवणीला माझ्याकडे जी बाई येते ना, दिवसभर चिखलात वाकून तिला जेवढे पैसे मिळतात तेवढे या ब्रूनोच्या एका दिवसाच्या खाण्यात जातात. हे पाप आहे का?’’

घर एकदम शांत झाले. मी तेव्हा काहीतरी सौम्य उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु परतीच्या वाटेवर त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. आजींचा प्रश्न एका कुत्र्याच्या खाण्याचा नव्हता. जो प्राणी स्वतः निवड करू शकत नाही, जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्यासाठी आपण जे ठरवितो ते कशाच्या आधारे ठरवितो, आणि त्या वेळी आपल्या शेजाऱ्याचे आपल्यावर काय ऋण असते, असा तो प्रश्न होता. त्या दिवशी सांगावयाचे राहून गेले ते येथे सावकाश सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दोन्ही पक्ष कोठून आले ते पाहू. पुडक्यातील श्वानखाद्याचा इतिहास फार जुना नाही. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ इमारतींवर बसविण्याच्या वीजरोधक सळया विकण्यासाठी इंग्लंडमध्ये आला. गोदीवर खलाशांची कडक बिस्किटे कुत्रे आवडीने चघळत असल्याचे पाहून त्याला कल्पना सुचली, आणि गव्हाचे पीठ, भाज्या व मांसाचा अंश मिळून केलेली कुत्र्यांची बिस्किटे त्याने बाजारात आणली, असे सांगतात. त्यापूर्वी कुत्र्यासाठी वेगळे अन्न विकत घेण्याची रीत फारशी रूढ नव्हती. पुढे अमेरिकेत १९२० नंतर घोड्याच्या मांसाचे डबे आले, आणि १९५० नंतर वाफ व दाब यांच्या साह्याने फुगविलेल्या कोरड्या गोळ्या आल्या. आज तो उद्योग आपल्या दाराशी आहे. कोहमाऱ्याच्या चौकातून पूर्वेकडे जाणारा महामार्ग, ज्याला जुनी माणसे अजूनही ६ नंबर म्हणतात आणि कागदोपत्री जो आता ५३ क्रमांकाचा आहे, तो देवरीवरून छत्तीसगडात शिरतो आणि येथून शंभरेक किलोमीटरवर राजनांदगावला पोहोचतो. कुक्कुटपालनातून वाढलेल्या तेथील आय.बी. ग्रुप या उद्योगसमूहाने ‘ड्रूल्स’ या नावाने श्वानखाद्याचा व्यवसाय उभा केला. २०२५ मध्ये नेस्ले या स्विस कंपनीने त्यात भागीदारी घेतली तेव्हा त्या व्यवसायाचे मोल शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे हा काही मुंबईपुण्याच्या चार हौशी घरांपुरता मामला राहिलेला नाही.

कच्च्या आहाराचा आग्रह तर याहून अलीकडचा. ऑस्ट्रेलियातील इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने १९९३ मध्ये एक पुस्तक लिहून कुत्र्यांना कच्चे मांस व हाडे द्यावीत असा पुरस्कार केला आणि तेथून ही चळवळ जगभर पसरली. तिचा युक्तिवाद साधा आहे: कुत्रा लांडग्यापासून झाला, लांडगा चूल पेटवीत नाही, म्हणून कुत्र्यालाही शिजविलेले नको. या युक्तिवादात एक आकर्षण आहे, कारण निसर्ग या शब्दापुढे आज आपण सारेच मान तुकवितो. तथापि ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्याच्याकडे एकदा डोळे उघडून पाहिले पाहिजे.

त्यासाठी कोहमाऱ्याहून दूर जाण्याची गरज नाही. महामार्गाच्या उत्तरेस नागझिरा, दक्षिणेस नवेगाव. २०१३ मध्ये ही दोन्ही अरण्ये मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. याच नवेगावच्या जंगलात कै. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून पुष्कळ वर्षे काढली आणि येथील पशुपक्ष्यांना मराठी साहित्यात आणून बसविले. या अरण्यांत रानकुत्रा आहे. टोळीने चितळाचा पाठलाग करणारा, शिकार पडताच काही मिनिटांत तिचा फडशा पाडणारा हा प्राणी खराखुरा कच्च्या आहारावर जगतो. परंतु तो आपल्या कुत्र्याचा पूर्वज नव्हे. शास्त्रज्ञांनी त्याची प्रजातीच निराळी मानली आहे. तो माणसाच्या अंगणात कधी आला नाही. लांडग्याचा एक वंश मात्र हजारो वर्षांपूर्वी आला, आणि येताना तो बदलला. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रा व लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचविण्यासाठी लागणारा रस ज्या जनुकामुळे तयार होतो त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. जेथे शेती फारशी नव्हती तेथील हस्की किंवा डिंगो यांच्यात त्या कमी, आणि धान्य पिकविणाऱ्या माणसांबरोबर राहिलेल्या कुत्र्यांत अधिक. म्हणजे आपण भात, भाकरी, पेज खात राहिलो आणि आपल्या पायांशी बसलेला हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ते पचवावयास शिकला.

याचा अर्थ मोठा आहे. नागझिऱ्याच्या रानकुत्र्याची प्रकृती चितळात आहे. धानाच्या या मुलखातील मोतीची प्रकृती आजींच्या भगुन्यात आहे. कुत्र्याला निसर्गाकडे परत न्यावयाचे म्हटले तर वाट जंगलात जात नाही. ती आपल्याच अंगणात येऊन थांबते. जे माणसाच्या सहवासातच घडले त्याचा माणसावेगळा असा शुद्ध स्वभाव शोधणे व्यर्थ होय. ब्रूनोमध्ये लांडगा पाहणारा थोरला आणि लिलीमध्ये तान्हे मूल पाहणारा धाकटा या दोघांचेही एका बाबतीत साम्य आहे. दोघेही समोरच्या कुत्र्याऐवजी आपल्या मनातील एका चित्राला जेवू घालीत आहेत.

मग कच्चे मांस घातक काय? सरसकट तसे म्हणता येणार नाही. कित्येक कुत्री ते खाऊन धडधाकट राहतात. परंतु त्यातील धोका खाणाऱ्यापुरता राहत नाही, ही गोष्ट नीतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कच्च्या कोंबडीत व मटणात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. बर्फात ठेवल्याने ते मरत नाहीत, केवळ थांबतात. कुत्रा निरोगी दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून व लाळेतून ते घरातील रांगत्या मुलापर्यंत, आजारी वृद्धापर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या आहाराविरुद्ध सल्ला दिला तो मुख्यतः याच कारणासाठी. आपल्या विदर्भातच डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने मरण पावले. तो रोग कोंबडीच्या कच्च्या मांसातून आला असावा असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. ज्याच्याहून अधिक नैसर्गिक मांसभक्षक दाखविता येणार नाही तो वाघ जर त्या मांसापुढे असहाय ठरू शकतो, तर निसर्ग हा शब्द काही कवच नव्हे.

दुसरे उदाहरण खेड्यातील माणसाने अधिक लक्षात ठेवावे असे आहे. बकरी, मेंढी, गुरे यांच्या यकृतात व फुप्फुसांत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. खाटीक तो निरुपयोगी भाग काढून कुत्र्यांपुढे फेकतो. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी अंगणात पडतात, मुलांच्या हातांतून तोंडात जातात आणि वर्षानुवर्षांनी माणसाच्या यकृतात तशीच गाठ धरते. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये या रोगाने कहर केला होता. हॅराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तेथे जाऊन त्याचा अभ्यास केला. पुढच्या वर्षी त्याने लिहिलेली एक छोटी पुस्तिका घरोघरी फुकट वाटण्यात आली: असले कच्चे अवयव कुत्र्याला देऊ नका, ते जाळा किंवा पुरा. लांब हिवाळी रात्री वाचनात घालविणाऱ्या त्या लोकांनी ती वाचली, मनावर घेतली, कायदेही झाले, आणि काही दशकांत तो रोग त्या बेटावरून हटला. एका राष्ट्राचे आरोग्य कुत्र्याला काय टाकू नये या एका वाक्याने सुधारले.

पुडक्यातील अन्नाचा पक्षही निर्दोष नाही. २००७ मध्ये अमेरिकेत चीनहून आणलेल्या गव्हाच्या सत्त्वात मेलामाइन नावाचे रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने अधिक दिसावीत म्हणून केलेली ती लबाडी होती. मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे दगावली आणि शेकडो नाममुद्रांचा माल परत घ्यावा लागला. पुडके घेणारा मालक आत काय आहे ते पाहू शकत नाही. तो विश्वास विकत घेतो. तथापि न्यायाने बोलावयाचे तर चांगल्या पुडक्याचे गुणही मान्य केले पाहिजेत. त्यातील अन्न उष्णतेतून गेलेले असते, क्षार व जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात, आणि माणसे जे खात नाहीत अशा मांसाच्या भागांचा त्यात उपयोग होतो. नुसते मांस खाऊ घातलेल्या पिल्लाला चुना कमी पडून त्याची हाडे दुबळी होतात. हे प्रेमाने केलेले नुकसान पुडक्यामुळे टळते. आणि आजींच्या भगुन्यालाही सूट नाही. रश्श्यातील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना बाधतात, शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे त्याच्या आतड्यात रुततात. म्हणजे प्रेम असले की ज्ञानाची गरज नाही, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

येथपर्यंतचा निवाडा पशुवैद्यकाचा झाला, आणि तो असा की तिन्ही मार्गांनी कुत्रा नीट पोसता येतो व तिन्ही मार्गांनी बिघडविताही येतो. मग नीतीचा प्रश्न कोठे उरतो? मला वाटते, तो आपल्या भाषेतील दोन साध्या क्रियापदांत उरतो. आपण कुत्र्याला तुकडा टाकतो, आणि आपण कुत्र्याला जेवू घालतो. टाकणाऱ्याला आपल्या हातातले नकोसे झालेले दूर करावयाचे असते. ते कोणी खाल्ले, त्याला पचले की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. घालणारा मात्र खाणाऱ्याकडे पाहतो.

पवित्र शास्त्रातही हे दोन कुत्रे निरनिराळ्या ठिकाणी भेटतात. निर्गमाच्या पुस्तकात नियम आहे की रानात श्वापदांनी फाडलेल्या जनावराचे मांस इस्राएलांनी खाऊ नये, ते कुत्र्यांपुढे टाकावे. हा वेशीबाहेरचा कुत्रा. त्याच्या वाट्याला येते ते आपल्याला निषिद्ध म्हणून येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात कनानी स्त्रीची कथा आहे. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणे ठीक नव्हे असे प्रभू म्हणाला तेव्हा ती नम्रपणे पण हजरजबाबीपणाने म्हणाली की मेजावरून पडलेला चुरा तरी कुत्र्यांना मिळतोच. मूळ ग्रीक भाषेत तेथे साध्या कुत्र्याचा शब्द नाही. ‘कुनारिऑन’ म्हणजे लहानगा, घरातला कुत्रा असा शब्द आहे. हा मेजाखालचा कुत्रा. त्याचा घास मुलांच्या नंतरचा असेल, लहान असेल, पण तो त्याच मेजावरचा आहे आणि ते मेज त्याच्या ओळखीचे आहे.

महाराष्ट्राच्या मातीत याच अर्थाची कथा संत नामदेवांची आहे. कुत्र्याने त्यांच्या पानातील कोरडी पोळी उचलून पळ काढला, तेव्हा काठी घेऊन धावण्याऐवजी ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कुत्र्याच्या पोटाला तूप मानवते की नाही हा पशुवैद्यकाचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. कथेचे मर्म असे की पळविलेला तुकडा नामदेवांनी पाहुण्याला वाढलेला घास करून टाकला. जे टाकले गेले असते ते घातले गेले. आपल्या लोकांनी ही कथा शतकानुशतके जपली ती उगाच नव्हे.

या कसोटीवर कच्चे मांस आणि गोळ्या हा भेद दुय्यम ठरतो. खाटकाकडील कातडे-आतडी पिशवीत आणून अंगणात ओतणारा टाकतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या यंत्रात भरून कुत्र्याला दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा कोंडून ठेवणाराही टाकतोच. उलट, वजन-काटा घेऊन बसलेला थोरला, त्याचे मत चुकीचे असले तरी, ब्रूनो खातो कसा हे डोळे भरून पाहतो. त्याला उकळलेल्या पाण्याचे महत्त्व पटवून देता येईल. ज्याला पाहावयाचेच नाही त्याला काय पटविणार?

टाकण्याचे परिणाम दूरवर जातात याची एक भयंकर साक्ष आपल्या देशाने दिली आहे. १९९० नंतर भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जात होता. हे कारण २००४ मध्ये उघडकीस आले आणि २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध वापरण्यास बंदी झाली. तोवर गावाबाहेर टाकलेल्या ढोरांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जात होत्या. कच्च्या आहाराचा याहून मोठा प्रयोग जगात कोणी केला नसेल. कुत्रे वाढले, पाणी नासले, रेबीजचे भय वाढले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मरण पावली असावीत असा अंदाज मांडला आहे. आपल्या भागात तर कुत्र्यांमागे अरण्य आहे. महामार्गावरच्या ढाब्यांमागे आणि कोंबडीच्या दुकानांमागे जे टाकले जाते त्यावर वाढलेला कुत्रा रात्री जंगलाच्या कडेला जातो, चितळाच्या पाडसामागे लागतो, आणि डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या श्वापदांना देऊ शकतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश याच रोगाने गेले. गावकुत्र्यांकडे तेव्हा बोट दाखविण्यात आले होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावे आणि तेथेच खाऊ घालावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीला स्थगिती दिली. सक्ती योग्य होती की नव्हती यावर कायदेपंडित बोलतील. रस्त्यावरच्या उपाशी जिवाला पाहून कळवळणाऱ्या माणसाला दंड करणे माझ्याही मनाला रुचत नाही. पण त्या विचारात एक सत्य आहे: घास देताच नाते सुरू होते, आणि नात्याबरोबर लस, औषध, नसबंदी, म्हातारपण हे सारे येते. त्यातला घासच तेवढा आपला आणि बाकीचे गावाचे, हा हिशेब खरा नव्हे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. संत थॉमस अक्विनास यांचे म्हणणे असे की मुक्या प्राण्यांवर दया करणारा माणूस माणसांवर दया करण्यास अधिक सिद्ध होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही तेच सांगितले व उदाहरण दिले ते कुत्र्याचे: ज्याने आयुष्यभर इमानाने सेवा केली त्याला म्हातारपणी निरुपयोगी म्हणून गोळी घालणारा धनी आपल्या अंतःकरणातील माणुसकीलाच इजा करतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात एकाच ठिकाणी दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांच्या दैन्यनिवारणाकडे ज्या पैशाने आधी वळावयास हवे तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही.

या दुसऱ्या वचनाचा उपयोग आपण फार सोयीने करतो. ‘‘माणसे उपाशी असताना कुत्र्याला मटण?’’ असे विचारणाऱ्यांपैकी कितीजण त्या वाचलेल्या पैशातून माणसांना जेवू घालतात? तोच गृहस्थ मुलीच्या लग्नात दोन हजार पाने उठवितो आणि उरलेले अन्न नाल्यात ओततो. गरिबाचे नाव घेऊन कुत्र्याचा घास काढावयाचा आणि तो आपल्याच ताटात ओढावयाचा, हा धर्म नव्हे. रोवणीच्या बाईची मजुरी ब्रूनोने कमी केलेली नाही. ती आपण ठरविली. म्हणून आजींच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: ब्रूनोचे मटण हे पाप नाही. परंतु ब्रूनोसाठी ग्रॅम मोजणाऱ्या घराने त्या बाईच्या मजुरीकडे कधी पाहिलेच नसेल, तर तेथे पाप आहे, आणि कुत्र्याला उपाशी ठेवून ते धुतले जाणार नाही. आधी तिचा दाम तिच्या श्रमाच्या मोलाचा करावा, तिच्या मुलांच्या शाळेची व औषधाची विचारपूस करावी. मग कुत्र्याला मटण घालावे, पुडके आणावे की भात शिजवावा, हे आपल्या ऐपतीने, निगर्वी मनाने आणि पशुवैद्याला विचारून ठरवावे. माझ्यापुरते विचाराल तर मी शिजविलेल्या अन्नाच्या बाजूचा आहे: मांस थोडे असो वा पुष्कळ, ते उकळलेले असावे, त्यात कांदा व मसाला नसावा, आणि पिल्लू असेल तर क्षारांची सोय पाहावी. पण ही तर पाककृती झाली. क्रम महत्त्वाचा: मुले आधी, पण मेज एकच.

एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. त्या दिवशी निघताना आजी मला फाटकापर्यंत सोडावयास आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘फादर, ब्रूनोचं आणि लिलीचं पाहायला मुलं आहेत. मी गेल्यावर या मोतीला कोण घालील?’’ दोघे भाऊ ओसरीवरच होते. त्यांनी ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. कांटचा म्हातारा कुत्रा मला त्या क्षणी निंबाखाली बसलेला दिसला. त्याचे दात पडले होते. गोळ्या त्याला चावल्या नसत्या आणि कच्चे मांस फाडता आले नसते.

जानेवारीत आजींना गोंदियाच्या रुग्णालयात आठ दिवस राहावे लागले. मुले आपापल्या गावी गेलेली. थोरला तातडीने परत आला तो रुग्णालयातच राहिला. घराला कुलूप होते. मी एका संध्याकाळी तेथून जात असता अंगणात ती रोवणीची बाई दिसली. तिने घरून ताटलीत मऊ भात आणला होता, त्यात थोडे वरण. मोती खात होता आणि ती पायरीवर बसून त्याच्याकडे पाहत होती. कोणी तिला सांगितले नव्हते, कोणी पैसे ठेवून गेले नव्हते. मी विचारले, ‘‘तुम्ही रोज येता?’’ ती जरा संकोचली. मग म्हणाली, ‘‘घरचाच आहे ना तो, फादर. असा टाकून कसा देता येईल?’’